शाईवाले काका

नाशिकरोडच्या बहुतेक सोसायट्यांत एक शाईवाले काका असतात. बरेचदा प्रेसमधून निवृत्त. १९२८पासून नोटा छापणाऱ्या गावात हयात गेलेली. त्यामुळे शाई या विषयात त्यांना कुणी शिकवायचं कारण नाही. काकांचं वैर प्रिंटरशी नाही, कार्ट्रिजशी आहे. “चमचाभर शाई आणि भाव काय! त्यापेक्षा अत्तरानं छापा.”

मग एके दिवशी ते एमजी रोडवरून सीआयएसएसचं, म्हणजे बाहेरच्या टाक्यांतून प्रिंटरला सतत शाई पुरवणाऱ्या जोडणीचं, खोकं घेऊन येतात. चार रंगांच्या टाक्या, नळ्यांची चपटी पट्टी, पोकळ कार्ट्रिज आणि शाई भरलेलीच आहे असं प्रिंटरला सांगत राहणारी चिप.

“म्हणजे थापच की!” काकू.

“सोय म्हणतात त्याला,” काका.

बसवणी रविवारी. जेवणाच्या टेबलावर जुने ‘देशदूत’ अंथरलेले, टॉर्च धरायला शेजारचा बारावीतला मुलगा. टाक्या आणि प्रिंटर एकाच पातळीत हवेत. टाकी उंचावर गेली की शाई आपसूक आत उतरून तळं साचतं, खाली राहिली की हेड उपाशी. यासाठी काका गवंड्याकडून पाणसळ मागून आणतात. नळी आखूड पडली तर धावतं हेड अडखळतं, लांब झाली तर झाकणात चेंगरते. तीन पानं फक्कड निघतात, चौथं फिकट, पाचवं कोरं. टाक्यांच्या हवेच्या भोकांची बुचं काढायची राहिलेली असतात. हे बारावीतल्या मुलाच्या लक्षात येतं. “मी बघत होतो, तुला कळतंय का,” असं म्हणून काका बुचं काढतात.

जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशव्यांच्या काळातल्या रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात, एकेका रहाडीचा रंग ठरलेला. काकांच्या टेबलावर चारही रहाडी एकदम उघडतात. सिरिंजनं हवा ओढता ओढता किरमिजी रंग काकूंच्या पडद्यावर, निळा काकांच्या बनियनवर. काळा कुठे गेला ते दिवाळीच्या साफसफाईत कळतं.

खरी पंचाईत पुढे आहे. वापर नसला की शाई नोझलमध्ये सुकते, म्हणून रोज काहीतरी छापलंच पाहिजे. आणि निवृत्त माणसाला छापायचं काय असतं? मग सोसायटीत पाणी येणार नसल्याची सूचना चार रंगांत लागते. घराघरांत संकष्टीच्या चंद्रोदयाचं वेळापत्रक पोचतं, ज्यांच्या घरी संकष्टी नसते त्यांच्याकडेही. पोरं आपापल्या जर्नलची मुखपृष्ठं काढून नेतात. शाई पाण्याच्या भावानं पडते, हे काका जिन्यात भेटेल त्याला सांगतात. कागदाच्या रिमांचा हिशेब काकूंकडे असतो. मधूनच प्रिंटरचे दोन्ही दिवे लुकलुकायला लागतात. हेड साफ करताना वाहिलेली शाई पिऊन तळाचा स्पंज भरला, असा त्याचा अर्थ. काका रिसेटर चालवून मोजणी शून्यावर आणतात. स्पंज भरलेलाच असतो, पण प्रिंटरची समजूत पटते.

गंमत म्हणजे लोकांचा हा उद्योग पाहून कंपन्याही शहाण्या झाल्या. एप्सननं २०१०मध्ये टाकीवाला प्रिंटर आधी इंडोनेशियात आणला, मग तो आपल्याकडेही आला. काकांच्या भाच्यानं परवा तसलाच घेतला. लोंबणारी नळी नाही, सिरिंज नाही, बाटली उपडी केली की झालं. काकांनी त्या प्रिंटरला दोन प्रदक्षिणा घातल्या, झाकण उघडलं, मिटलं. ते नीट मिटलं, हे त्यांना फारसं आवडलं नाही.

“बरा आहे,” ते म्हणाले, “पण टाकी लहान दिली आहे रे. बाहेरून लिटरची जोडता येईल. ड्रिल आहे का घरात?”