एकाही पानाला भोक नाही

फुलपाखरू उद्यानातल्या झाडांच्या पानांना भोके पडल्याची गंभीर दखल अखेर घेतली गेली. तक्रार झाली, पाहणी झाली, आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस भल्या पहाटे हजर झाला. आता एकाही पानाला भोक नाही. फुलपाखरूही नाही, पण त्याबद्दल कोणाची लेखी तक्रार नाही.

पाने कुरतडणाऱ्या या समाजकंटकाला अळी म्हणतात. उद्यानाच्या भिंतीवर तिचे चित्र आहे: अंडी, अळी, कोश, फुलपाखरू. चित्रातली अळी चांगली गुटगुटीत आहे. ऑइलपेंटची असल्यामुळे फवारणीतून वाचली.

२०१५मध्ये आपण ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे देशातले पहिले राज्य आपले. हा मान मात्र पंख फुटल्यानंतरचा. त्याआधी हीच स्वारी लिंबाच्या, माकडलिंबाच्या पानांवर ताव मारत असते, तेव्हा ती कीड. पद मिळण्याआधी कोणी काय काय कुरतडले हे एरवी आपण विचारत नाही. ही सवलत फक्त माणसांना दिसते.

भोकांचा बंदोबस्त झाल्यावर मोहीम तणाकडे वळली. खुळखुळा उपटला. ब्लू टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरे दक्षिणेत पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्री सोडून पूर्वेकडे निघतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परततात. त्यांचे नर खुळखुळ्याच्या वाळक्या काड्यांतून जे शोषतात, त्यावर मादीला रिझवणारा गंध तयार होतो. म्हणजे आपण कोणाचे तरी लग्न मोडले. प्लेन टायगरची अळी वाढते ती रुई, तीही गेली. शनिवारी मारुतीला माळ घालायला रुईची पाने शोधत फिरायचे आणि सोमवारी तिच्यावर जेसीबी घालायचा, हे आपल्यालाच जमते. तिच्या जागी आता लॉन आहे. लॉनवर कोणी बसायचे नाही, अशी पाटी आहे. फुलपाखरांनी ती तंतोतंत पाळली.

आणि पेव्हर ब्लॉक! इथे मात्र माझी जीभ सुटते. नर फुलपाखरे ओल्या मातीवर घोळक्याने बसून क्षार शोषतात. त्यासाठी माती लागते हो, साधी, ओली, फुकटची माती! पण या गावात हातभर माती उघडी दिसली की कोणाला तरी निविदा सुचते. झाडाच्या बुंध्याला गळ्याशी येईल असे ब्लॉक, विहिरीभोवती ब्लॉक, देवळाच्या पारावर ब्लॉक, चांगले असलेले ब्लॉक उखडून त्याच मापाचे नवे ब्लॉक, आणि पाऊस आला की पाणी मुरायला जागा नाही म्हणून ते थेट लोकांच्या घरात, मग ते का शिरले याची चौकशी, आणि चौकशीअंती उपाय म्हणून आणखी ब्लॉक! नदीकाठही सोडला नाही. उद्या शेतात बसवतील आणि पेरणीसाठी दोन ब्लॉकांमधल्या फटी वापरा म्हणून सांगतील.

असो. दुसऱ्या टप्प्यात फायबरची फुलपाखरे येत आहेत. रात्री त्यांचे पंख दिव्यांनी उघडझाप करतील, देखभालीचा ठेका वेगळा. पाने ती खात नाहीत. स्थलांतराचाही प्रश्न नाही, बोल्ट मारूनच बसवणार आहेत.