एकूण युजर : दोन

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या त्या मुलाचं खरं नाव मतदारयादीत असेल. सोसायटी त्याला पेंग्विन म्हणते, कारण त्याच्याकडे पेंग्विनचं चित्र असलेले चार टीशर्ट आहेत आणि दुसरे नाहीत. शिक्षण बी.कॉम., वय सव्वीस, व्यवसाय ‘सध्या बघतोय’, हौस लिनक्स. पुण्यात हौशी नट आहेत, हौशी गिर्यारोहक आहेत, हौशी ज्योतिषी तर गल्लोगल्ली आहेत. तसा हा हौशी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. फरक एवढाच, की हौशी ज्योतिष्याकडे कोणी अनुभवाचा दाखला मागत नाही.

ही लागण त्याला मामाकडून झाली. 2005 पासून 2011 पर्यंत उबुंटूवाले नुसता पत्ता कळवला तरी परदेशातून पोस्टाने सीडी पाठवायचे. फुकट आणि तेही घरपोच! मामाने दहा मागवल्या. नऊ कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगल्या गेल्या, दहावी भाच्याच्या हाती लागली. कबुतरं अजून येतात. भाचा मात्र गेला तो गेलाच.

आज त्याच्या घरी चार सर्व्हर आहेत. सर्व्हर म्हणजे जुन्या बाजारातून रविवारी घासाघीस करून आणलेले डबे : दोन माळ्यावर, एक पलंगाखाली, एक देव्हाऱ्याशेजारी. त्यांना गडांची नावं दिलीत. एकदा जेवताना हा आतून ओरडला, ‘‘आई, सिंहगड पडला!’’ वडिलांचा इतिहासाचा अभ्यास दांडगा. त्यांचा घास हातातच राहिला. ‘‘पुन्हा?’’ पलंगाखालच्या बटणावर त्याने चिठ्ठी चिकटवली आहे : ‘हे बटण बंद करू नये. मिक्सरसाठी दुसरे बटण आहे. हे यापूर्वीही सांगितले आहे.’

पण चिठ्ठीला महावितरण जुमानत नाही. जगात लिनक्सची यंत्रं वर्षानुवर्षं न थांबता चालतात म्हणे. याच्या यंत्रांचं आयुष्य शुक्रवार ते बुधवार, कारण गुरुवार दुरुस्तीचा.

घरात युजर दोन : हा आणि आई. वडील लिनक्सला हात लावत नाहीत. मागे त्याने घरभरच्या जाहिराती अडवणारी काहीतरी यंत्रणा बसवली. जाहिराती गेल्या, आणि त्यांच्याबरोबर आईचं पाककृतींचं पान आणि आत्याने पाठवलेली विवाहस्थळांची लिंकही गेली. पाककृती त्याने दहा मिनिटांत परत आणली. विवाहस्थळांचा दोष त्याला अजून सापडलेला नाही. माझ्या मते तो शोधतही नाही.

एवढी तयारी झाल्यावर तो नोकरी शोधायला निघाला. पहिल्या मुलाखतीत मनुष्यबळवाल्या बाईंनी विचारलं, ‘‘प्रॉडक्शनचा अनुभव?’’ हा म्हणाला, ‘‘सहा वर्षं.’’ बाई सरसावून बसल्या. ‘‘युजर बेस?’’

‘‘दोन. त्यातली एक आई.’’

बाई हसल्या, हा हसला नाही. त्याचं बरोबरच होतं. मालिका ऐन रंगात असताना नेट गेलं तर त्याची आई जे बोलते, ते कुठल्याही कंपनीच्या करारात छापता येणार नाही.

घरी वाद झाला. त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं : ऑगस्ट 1991 मध्ये हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या लायनस टोरवाल्ड्सनेही आपण करतोय तो नुसता छंद आहे, असंच जगाला कळवलं होतं, आणि आज जगातले पहिले 500 महासंगणक त्या छंदावर चालतात. वडील म्हणाले, ‘‘त्याच साली आपल्या पुण्यात सी-डॅकने परम 8000 बांधला. त्या लोकांना महिन्याच्या महिन्याला पगार होता.’’

मग कोणीतरी सांगितलं, रेड हॅटची परीक्षा दे. ही परीक्षा बी.कॉम.च्या माणसाला मानवणारी नाही, कारण तीत गाइड चालत नाही. समोर जिवंत यंत्र, तासांत मोजलेला वेळ, 300 पैकी 210 गुण हवेत. शिवाय खोच अशी, की यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जे टिकेल तेवढंच तुमचं. दर गुरुवारी सराव झालेला असूनही याने एका फाइलीत एक अक्षर चुकवलं आणि यंत्र उठलंच नाही. सगळा पेपर आत, परीक्षार्थी बाहेर. दुसऱ्या खेपेला पास झाला. प्रमाणपत्र वडिलांनी लॅमिनेट करून आणलं. काही बोलले नाहीत, पण लॅमिनेट करून आणलं.

सातवी मुलाखत मगरपट्ट्यात. समोर एक टक्कल पडलेले, झोप न झालेले गृहस्थ. त्यांनी विचारलं, ‘‘डिस्क भरली. मोठी लॉग फाइल उडवली. तरी जागा मोकळी होत नाही. का?’’

सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या डब्यावर नेमकं हेच झालं होतं आणि एक अख्खी रात्र त्यात गेली होती. हा म्हणाला, ‘‘वाड्यातला भाडेकरू, सर. कागदोपत्री गेला, खोली सोडलेली नाही. फाइल यादीतून गेली, पण प्रोग्रॅमने ती उघडी धरून ठेवलीय. धरणारा कोण ते एलएसओएफने शोधायचं आणि त्याला रीस्टार्ट करायचं. मग खोली रिकामी.’’

गृहस्थांच्या आजोबांचा वाडा शनिवारात असावा. त्यांनी एक दीर्घ उसासा सोडला.

‘‘आजवरची सर्वांत मोठी चूक?’’

पढवलेलं उत्तर होतं, की मी जरा जास्तच मेहनत करतो. याने खरं सांगितलं. रात्री दोन वाजता साफसफाई करताना एक स्पेस जास्त पडली आणि गणेश मंडळाचा तीन वर्षांचा वर्गणीचा हिशेब उडाला. मंडळाच्या खजिनदारांना कळवलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा सुटकेची छटा जास्त होती, हेही सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती : दोन घरात वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी नाशिकला आत्याकडे.

‘‘आत्याकडची प्रत कधी उघडून पाहिलीत?’’

‘‘दर दिवाळीला, सर. फराळाआधी.’’

नोकरी लागली. पेढे सोसायटीभर आले, खजिनदारांकडे दोन जास्त.

आता महिनाभर तो रात्रपाळीला जातो आणि जरा उतरलेला दिसतो. परवा जिन्यात भेटला. म्हणाला, ‘‘काका, रूटचा पासवर्डच देत नाहीत हो. एक ओळ बदलायची तर अर्ज, मग तीन जणांची मंजुरी, मग शनिवारी मध्यरात्रीची वेळ. आणि चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही म्हणतात.’’ याने आयुष्यात चालू असलेली गोष्ट दोन दिवस चालू राहू दिलेली नाही. त्याला तिथे काय काय सोसावं लागत असेल!

घरचा सिंहगड मात्र त्याने तेव्हापासून उघडलेला नाही. गेल्या आठवड्यात दुपारी नेट गेलं. हा पाळी करून झोपलेला. आईने हलवलं, तर डोळे न उघडता म्हणाला, ‘‘आई, तिकीट टाक.’’

आईने फ्रिजवरच्या वाण्याच्या यादीमागे लिहिलं आणि कागद त्याच्या उशाला ठेवला : ‘नेट नाही. तातडी : फार. जेवण : दुरुस्तीनंतर.’