गुळव्याचा कौल

व्होडकाला चव नसते, हाच तिचा मोठेपणा. मग त्या बिनचवीच्या दारूत कुणीतरी कॅरॅमल ओततं आणि वर भाव वाढवून घेतं. युरोपच्या नियमानं लिकर म्हणवून घ्यायला लिटरमागे किमान 100 ग्रॅम साखर लागते. आमच्या भालकीकडं लग्नघरच्या चहाला तेवढी सहज पडते. त्याला लिकर म्हणायचं धाडस तेवढं अजून कुठल्या आचाऱ्याला झालेलं नाही.

असलीच एक बाटली भाच्यानं विमानतळावरून आणली. (करमाफ दोन लिटर आणता येते, त्यानं अर्धा आणली. मामावरच्या प्रेमाचं माप कळलं.) परीक्षण रीतसर केलं. रंग सोनेरी, जरा गढूळ. वासात दारू शोधून सापडेना. बायकोनं तर ‘खोकल्याचं का हो?’ असं आपुलकीनं विचारलं. पहिला घोट गोड, मग आणखी गोड, आणि अगदी शेवटी घशात बारीकशी आग, आपण दारू आहोत हे जाताजाता आठवल्यासारखी. प्यायला नको. व्हॅनिला आईस्क्रीमवर ओतली तर मात्र दोघांचंही कल्याण.

कल्याणवरून आठवलं. आमचं बसवकल्याण चालुक्यांची राजधानी होतं, तेव्हा बाराव्या शतकात तिसऱ्या सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ रचला. राजानं काय खावं, काय प्यावं याचा त्यात सविस्तर विचार आहे. असल्या मुलखात शास्त्राधाराशिवाय घोट घेणं बरं दिसत नाही. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार आहेत: गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि मधाची किंवा मोहाची माध्वी. भल्या माणसानं तिन्हींना शिवू नये, असंही लगेच बजावलंय. धान्याची व्होडका म्हणजे पैष्टी, तिच्यात जळकी साखर म्हणजे गौडी. एका घोटात दोन पातकं, काटकसरच म्हणायची.

पण खरा जाणकार बसला होता गुऱ्हाळावर. आमच्या गुळव्यामामांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं चाखायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी नुसतं बूच हुंगलं. या माणसाचा जन्म काहिलीशेजारी गेला: भेंडीचा चीक घालून मळी वर आणायची, ती काढायची, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघायची. 118 अंशांच्या आसपास गूळ उतरतो. साखर 160च्या पुढं गेली की कॅरॅमल होते. मामांना हे आकडे ठाऊक नाहीत, पण त्यांची काहील क्वचितच चुकते.

“आण्णा, ही करपली हाय,” मामा म्हणाले. “गुळव्या झोपला व्हता.”

“मुद्दाम करपवतात, मामा.”

“मुद्दाम?” त्यांनी पुन्हा हुंगलं. “अन् किती पडले?”

मी आकडा सांगितला. मामांनी बूच परत लावलं, चुलवाणाकडं पाहिलं आणि जाळ सारणाऱ्या पोराला हाक मारली, “ए, जाळ वाढव रं!”