डिझाइनमध्येच खोट

ब्रह्मपुरीत गर्दीत दगड भिरकावला तर तो एक तर एखाद्या सरांना लागतो, नाही तर डॉक्टरांना. सरांना लागला तरी काळजी नाही, डॉक्टर शेजारीच उभे असतात. शाळा-कॉलेजं आणि दवाखाने यांच्यावर चालणाऱ्या या गावात तिसरीही एक जमात सुखानं नांदते, फक्त तिची पाटी ख्रिस्तानंद चौकात दिसत नाही. या जमातीला आम्ही 'खोटकाढे' म्हणतो. दर वॉर्डात एक तरी असतोच. कुणी लाइनमन म्हणून निवृत्त झालेला, कुणी आयटीआयमध्ये फिटर शिकवलेला, कुणी विज्ञानाचा मास्तर. आमच्या वॉर्डाच्या वाट्याला आलेले सर तिसऱ्या प्रकारातले. नोकरीभर त्यांनी तरफेचे तीन प्रकार शिकवले आणि निवृत्त झाल्यावर जगातल्या झाडून सगळ्या तरफा चुकीच्या जागी टेकवलेल्या आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं.

खोटकाढ्याला ओळखायची खूण सोपी. लग्नात, तेरवीत किंवा नाटकाच्या मंडपात त्याला खुर्ची दिली की तो बसत नाही. आधी ती उलटी करतो. पाय दाबून पाहतो, सांध्यावर टिचकी मारतो, आणि मग शेजारच्याला विचारतो, "माणूस जेवल्यावर पुढं वाकते का मागं रेलते जी?"

"मागं."

"अन् माल कोठी कमी टाकला? मागच्याच पायात. ज्यानं बनवलं त्यानं वापरून पाह्यलं नसंल. डिझाइनमध्येच खोट हाये."

हे सरांचं ब्रीद. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असं म्हणायची सोय नाही, कारण आमच्या झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर चालतं. पहाटे तीनच्या सुमाराला नायिकेचा बाप मरत असताना प्रेक्षक डोळे मिटून मागे रेलतो, आणि प्लास्टिकच्या खुर्चीचा मागचा पाय कडाडतो. त्या रात्रीची सर्वांत मोठी दाद बहुधा त्यालाच मिळते. या खुर्चीच्या घराण्यात एक नामांकित फ्रेंच पूर्वज आहे. 1972 साली हेन्री मॅसोने यानं एका साच्यातून मिनिटा-दोन मिनिटांत अख्खी खुर्ची बाहेर काढायची युक्ती बसवली. एकावर एक रचता येते, धुता येते, एका माणसाला डोक्यावर पाच-सहा नेता येतात. सरांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "त्याच्या गावात नाटक रातभर चालत नसंल."

सरांचं घर बाहेरून चारचौघांसारखं आहे. आत गेलं की कळतं, इथं प्रत्येक वस्तूवर एकदा खटला चालून गेला आहे. मिक्सरच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा. नळाच्या चावीला बांबूचं लांब दांडकं, कारण गोल गुळगुळीत चावी साबणाच्या हातानं फिरत नाही. दिव्याच्या बारा बटणांच्या पाटीवर बारा रंगांचे ठिपके, आणि कुठला रंग कुठल्या दिव्याचा हे सांगणारा तक्ता शेजारी टांगलेला. हा तक्ता वाचायला आधी दिवा लावावा लागतो.

शाम्पूच्या पुडीचा विषय त्यांच्यापुढं काढू नये. 'येथे फाडा' असं छापलेलं असतं, शेजारी करवतीसारखी कड असते, आणि पुडी नेमकी तिथं सोडून दुसरीकडे कुठंही फाटते, तीही हात ओले झाल्यावरच. "अंघोळीच्या वस्तूचं पुडकं कोरड्या हातानं तपासलं असंल कंपनीनं," सर म्हणतात. यावर वाद घालायला मी आजवर कुणाला पुढं येताना पाहिलेलं नाही.

गावातल्या एका बँकेचं काचेचं दार हे सरांचं दुपारचं करमणुकीचं ठिकाण. दाराला दोन्ही बाजूंनी सारखीच उभी दांडी. दांडी दिसली की हात ओढायला जातो. दार मात्र ढकलायचं आहे. तसं त्यावर लिहिलंही आहे, पण कर्ज मागायला आलेला माणूस दारावरचा मजकूर वाचण्याच्या मन:स्थितीत नसतो. सर समोरच्या टपरीवर चहा घेत बसतात. डोक्यावर ओझं घेतलेली बाई ओढते, दार हलत नाही. ती मागं पाहते, आपलंच काही चुकलं अशा चेहऱ्यानं हसते आणि बाजूला उभी राहते. सरांचा संताप इथं असतो. दार चुकीचं आणि खाली मान बाईची! डॉन नॉर्मन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं 1988 साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर पुस्तक लिहून नेमकं हेच मांडलं, आणि अशा दारांना तिकडे 'नॉर्मनची दारं' म्हणू लागले. सरांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. वाचलं तर त्याच्या बांधणीत खोट काढतील.

इथवर सगळं ठीक. दुसऱ्याच्या डोक्यातून निघालेल्या वस्तूला नावं ठेवणं हा काही गुन्हा नाही, उलट मला तर ती समाजसेवा वाटते. पंचाईत होते ती खोटकाढा स्वत: पाना हातात घेतो तेव्हा.

ब्रह्मपुरीचं नाव देशभर पोचतं ते मे महिन्यात, सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत. पारा 45-46 वर गेला की आमच्याकडं माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, कूलर विचारतात. कूलर म्हणजे खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवलेला पत्र्याचा खोका: तीन बाजूंना ताट्या, मधे पंखा, खाली पाण्याची टाकी, आणि टाकीतलं पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणारा मुठीएवढा पंप. हवा कोरडी, ताटी ओली, की झालं काम. पाऊस पडून हवा दमट झाली की हाच कूलर अंगावर ओला टॉवेल टाकल्यासारखा वारा सोडतो. सरांचा आक्षेप मात्र पाण्यावर. रात्री दोन वाजता टाकी आटते, पंप कोरडा घरघरतो, खोलीत भट्टी होते, आणि घरातलं कोण उठून बादली घालणार यावरून संसार डळमळतात. बरं, ओल्या हातानं चालू कूलरला शिवणं म्हणजे जिवाशी खेळ. पत्र्यात करंट उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात पेपरात असतातच.

त्यावर उपाय साधा आहे. संडासाच्या फ्लशच्या टाकीत असतो तसा तरंगता गोळा लावायचा, नळाची नळी जोडायची. पाणी उतरलं की गोळा खाली, नळ उघडला. बाजारात हे मिळतं. पण बाजारात मिळणारी वस्तू आणून लावली तर तो खोटकाढा कसला! सरांनी बंद पाण्याची रिकामी बाटली टाकीत सोडली, तिला दोरी बांधली, दोरी खिडकीच्या गजावरून आत घेतली आणि टोकाला गायीच्या गळ्यातली पितळी घंटी अडकवली. पाणी उतरलं की बाटली उतरणार, दोरी ताणली जाणार, घंटी वाजणार. फळ्यावरच्या आकृतीत हे बरोबर होतं. आकृतीत वारा नव्हता, एवढंच.

पहिल्याच रात्री पंखा सुरू झाला, दोरी हलायला लागली, आणि घंटी वाजू लागली. ती थांबेना. आता ही घंटी पुण्यात वाजली असती तर शेजाऱ्यांनी पत्र लिहिलं असतं. पण आमचं गाव वनविभागाच्या ब्रह्मपुरी विभागाचं मुख्यालय आहे, आसपासच्या खेड्यांत वाघ ही रोजची बातमी आहे. आमच्या गावकुसाकडच्या वस्तीत मध्यरात्री जनावराच्या गळ्यातली घंटी जोरजोरात वाजली की माणूस एकच अर्थ काढतो. पाच मिनिटांत गल्लीत बॅटऱ्या आणि काठ्या. कुणी डबे बडवतंय, कुणी गोठे मोजतंय. सर ओसरीवर येऊन म्हणाले, "घाबरू नका जी, वाघ नाही, पाण्याची पातळी हाये." त्या रात्री लोकांनी जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही. सरांचा निष्कर्ष दुसऱ्या दिवशी सकाळी तयार होता: घंटीच्या डिझाइनमध्ये खोट आहे, ती गायीसाठी केलेली आहे.

तरी एक सांगतो. हा माणूस काही वस्तूंपुढं अगदी गप्प होतो, आणि त्या वस्तू पाहिल्यावर त्याच्याविषयी मत थोडं बदलावं लागतं. बुरडाकडचं नवं सूप त्यांच्या हातात द्या. ते उलटं करतील, पण बोलणार नाहीत. बोटानं कडेवरची बांधणी चाचपतील, मागचा उभार, पुढचा सपाट उघडा भाग, दोन्ही बाजू पुढं येताना कशा उतरत जातात ते पाहतील. मनगटाचा एक झटका, की दाणे मागं सरकतात, कोंडा पुढून उडून जातो. ना बटण, ना तक्ता. "याला 'येथे पाखडा' असं लिहावं लागते का?" असं एकदाच म्हणाले होते.

दुसरी वस्तू त्यांनी फक्त चित्रात पाहिली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या दाईसाठी केलेलं श्वास मोजायचं साधन. बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास वेगानं चालतो, तो मिनिटात किती हे मोजलं तर रोग कळतो. पण मोजणारीला साठपर्यंत आकडे येत नसतील तर? मग मिनिटभराचं वाळूचं घड्याळ, आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. दाईला मोठे आकडे शिकवत बसण्याऐवजी मोजणंच तिच्या बोटांवर आणून ठेवलं. सरांनी ते चित्र कापून तरफेच्या तक्त्याशेजारी लावलंय, आणि मला वाटतं, त्या भिंतीवर एवढंच एक कामाचं आहे.

तिसरं नाव दादाजी खोब्रागड्यांचं. नागभीड तालुक्यातलं नांदेड, म्हणजे आमच्या शेजारचंच. शाळा तिसरीपर्यंत, शेती दीडेक एकर. 1983 साली 'पटेल 3' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब वेगळे, पिवळसर दिसले. दुसऱ्या कुणालाही ते दिसले असते आणि विळ्याखाली गेले असते. त्यांनी ते वेगळे काढले, वेगळे पेरले, वर्षानुवर्षं निवडत राहिले. त्यातून निघालेल्या बारीक तांदळाला त्या काळच्या मिरवायच्या घड्याळावरून एचएमटी नाव पडलं, आणि आज तो कुठल्या कुठं पोचलाय. 2005 साली राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला; 3 जून 2018 रोजी ते गेले. सर त्यांच्याविषयी बोलताना नेहमी म्हणतात, "त्या माणसानं धानाले नावं नाही ठेवली जी, पाहात राह्यला." एवढं बोलून ते स्वत: लगेच तांदळाच्या कट्ट्याची शिवण चुकीच्या बाजूनं उसवते यावर घसरतात, हा भाग वेगळा.

आणि मग मोहफुलाचं प्रकरण. सरांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, माहेर सिंदेवाहीकडचं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात, ती वेचायला लोक अंधारातच झाडाखाली जातात. पाल्यात फुलं दिसत नाहीत म्हणून पाला जाळतात, आणि ती आग कधी कधी जंगलात शिरते. शिवाय वाकून वेचणारा माणूस. वाघाला उभा माणूस माणूस दिसतो, वाकलेला कोण जाणे काय दिसतो. सुंदरबनात 1986 च्या सुमाराला लोकांनी डोक्याच्या मागं मुखवटे लावून पाहिले होते. काही काळ गुण आला, पुढं वाघ शहाणे झाले म्हणतात. हा विषय आमच्याकडं थट्टेचा नाही. या भागात फुलं, तेंदूपत्ता, सरपण यांच्यापायी माणसं गेलेली आहेत.

सर सासुरवाडीला गेले आणि झाडाखाली बराच वेळ वर पाहात उभे राहिले. मग म्हणाले, "फूल खाली पडूच काहून द्यायचं?" बांबूचे खुंट ठोकून, कमरेइतक्या उंचीवर, त्यांनी जुन्या साड्या ताणून बांधल्या. सकाळी फुलं साडीच्या झोळीत, माती न लागलेली. उभ्या उभ्या गोळा करा, पाला जाळायला नको. छत्तीसगडात अशा कामाला जाळ्या वापरतात, ते सरांना ठाऊक नव्हतं. त्यांचा पुढचा बेत साडीला कप्पी लावून झोळी आपोआप टोपलीत ओतायचा होता, पण साळ्यानं हात जोडले आणि कप्पी विहिरीवर परत गेली. माझं प्रामाणिक मत असं, की सरांची ही एकच युक्ती चालली, कारण ती साळ्यानं अर्ध्यावर थांबवली.

काकूंचं मत निराळं आहे. "माह्या पेटीतल्या तीन साड्या गेल्या," त्या मला म्हणाल्या. "एक तं लग्नातली व्हती. मधातून टर्रकन फाटली. इचारा तुमच्या सरांले, खोट कोणाची?"

सरांनी चष्मा पुसला. "साडीचीच. पन्हाच कमी ठेवते कंपनी. दोन मिळून शिवाव्या लागतात, अन् शिवण मधात येते. त्याले मी काय करू?" आणि टेप घेऊन ते चौथी साडी मोजायला आत गेले.