बॉयलरचे अण्णा

सोलापुरातील प्रत्येक पेठेत एक तरी असा गृहस्थ असतो की, ज्याच्या संमतीवाचून त्या पेठेतील कोणतेही यंत्र बिघडू धजत नाही आणि ज्याच्या उपस्थितीवाचून ते दुरुस्तही होऊ शकत नाही. आमच्या आळीत हे मानाचे पद अण्णांकडे आहे. गिरणीचा भोंगा मुका होऊन वर्षे लोटली; तथापि तिच्या बॉयलरखात्यात मिळवलेला फर्स्ट क्लास अटेंडंटचा दाखला अण्णांच्या बैठकीच्या खोलीत सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीशेजारी, किंबहुना तिच्याहून अंमळ वरच्याच खिळ्यावर, विराजमान आहे.

अण्णांचे चिरंजीव विलायतेत लँकेशायर परगण्यात नोकरीस असतात. अण्णा ही वार्ता येणाऱ्या-जाणाऱ्यास आवर्जून ऐकवतात. मात्र तीत पुत्राचा हुद्दा वा पगार यांचा उल्लेख चुकूनही येत नाही. त्यांच्या लेखी त्या मुलखाची थोरवी एवढीच की, १८४४ साली फेअरबेर्नने ज्या दोन भट्ट्यांच्या बॉयलरचे पेटंट घेतले तो त्या परगण्याच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याच जातीच्या बॉयलरच्या पोटात शिरून क्षार खरवडण्यात अण्णांच्या उमेदीचा काळ गेला.

गेल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक पाहून आलेले अण्णा, सोलापुरी थंडीचा मान राखण्यापुरता कानाला मफलर गुंडाळून बसले असता, चिरंजिवांचा व्हिडिओ कॉल आला: नळाला कढत पाणी येते, परंतु घर उबवणारे रेडिएटर मात्र थंडगार. दुसरा एखादा बाप असता तर त्याने नातवाला स्वेटर घालायला सांगून विषय संपवला असता. अण्णांनी चष्मा मागवला आणि रीतसर तहकीकात आरंभली.

आरंभीच वादाचा मुद्दा निघाला. स्वयंपाकघरात भांड्यांच्या फळीशेजारी टांगलेली पांढरी पेटी म्हणजेच बॉयलर, हे मान्य करण्यास अण्णा तयार होईनात. “ह्यो बॉयलर? ह्यात तर माणूसबी शिरत न्हाई!” नंतर दाबाचा काटा पाहण्याचा हुकूम सुटला. काटा सव्वा बार दाखवत होता. “म्हंजे अठरा पौंड! एवढ्यात आमची शिट्टीसुद्धा वाजायची न्हाई,” असा शेरा मारून अण्णांनी मिनिटभर मौन पाळले. तेवढा दाब त्या पेटीस पुरेसा असल्याचे चिरंजिवांनी पुस्तिका दाखवून सिद्ध केले, तेव्हा कुठे काम पुढे सरकले. थर्मोस्टॅटचा आकडा चढवून झाला, त्यातील सेल बदलून झाले, चावीने रेडिएटरचे तोंड किंचित उघडून हवा अडकली आहे काय तेही पाहून झाले. निघाले ते पाणीच. या प्रत्येक पायरीनंतर गिरणीतील एकेक हकीगत, विशेषतः वार्षिक तपासणीस आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांची, सविस्तर सांगितली जात होती, आणि तिकडे नातू रजईत शिरून ती ऐकत होता.

परंतु अण्णांची टवाळी करणाऱ्यांनी पुढचा भाग अवश्य ऐकावा. नळ बंद करून, हीटिंग चालू ठेवून, रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीला हात लावण्यास अण्णांनी फर्मावले. ज्योत पेटली, थोड्याच वेळात आपोआप विझली, आणि नळी थंड ती थंडच. “नळाला पाणी कढत येतंय, म्हंजे आग बिनगुन्हेगार. पेटून लगीच विझती, म्हंजे उष्णतेला वाट न्हाई. वाटंत कुणीतरी अडवलंय.” वस्तुस्थिती तशीच होती. या पेट्यांत एकच आग दोन घरची चाकरी करते. नळ उघडला की तीन तोंडांचा व्हॉल्व्ह गरम पाणी न्हाणीच्या बाजूस वळवतो आणि नळ मिटला की रेडिएटरकडे सोडतो. हा देवडीवरचा पहारेकरी एकाच दाराकडे तोंड करून झोपी गेला होता.

“उघडून बघू का, अण्णा?” असे चिरंजिवांनी विचारताच अण्णा असे कडाडले की, शेजारची मंडळी दारात आली. दाखल्याशिवाय बॉयलरला हात लावू नये, हे १९२३ च्या कायद्याने त्यांच्या हाडात भिनवले आहे. विलायतेतही गॅसच्या यंत्राचे काम करणाऱ्याचे नाव ‘गॅस सेफ’च्या नोंदवहीत असावे लागते, हे कळल्यावर त्यांना त्या देशाविषयी प्रथमच आदर वाटला. परक्याच्या यंत्रावर सल्ला देणारे शेकड्यांनी भेटतात. आपला सल्ला कोठे थांबला पाहिजे हे ओळखणारा अण्णांखेरीज दुसरा कोणी माझ्या पाहण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी नोंदणीकृत कारागीर आला. साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून अण्णांनी त्याच्या प्रत्येक हालचालीवर देखरेख केली. व्हॉल्व्ह बदलला, रेडिएटर तापले. अण्णांची तक्रार एवढीच राहिली की, निदान कोणी केले हे लिहिण्यास त्याच्या कागदावर रकानाच नव्हता. मग त्यांनी जुन्या व्हॉल्व्हची मागणी केली, कारण गिरणीच्या रिवाजानुसार जुना भाग स्टोअरमध्ये जमा केल्यावाचून कोणतेही काम पुरे झाले असे धरीत नाहीत. तो व्हॉल्व्ह उन्हाळ्याच्या सुटीत सामानातून यावयाचा आहे, आणि विमानतळावर कस्टमवाल्यांनी हटकल्यास दाखवण्याच्या अर्जाचा मसुदा अण्णांनी आतापासूनच मला सांगून लिहवून घेतला आहे.