चार घरं, एक राउटर: बिघाड शोधण्याची शास्त्रोक्त पद्धत

राउटरच्या डब्यात जी माहितीपुस्तिका येते ती एका घरासाठी असते. त्यात एक गृहस्थ, एक गृहिणी आणि सोफ्यावर हसरी दोन मुलं. वर्ध्यासारख्या ठिकाणी एका आवारात एकाच आडनावाची चार घरं, मध्ये कडुनिंब, मागे टिनाचं शेड आणि चौघांत मिळून एक कनेक्शन असतं. ते बंद पडल्यावर काय करावं याबद्दल पुस्तिका गप्प आहे. ती उणीव प्रस्तुत लेखकानं स्वतःच्या कुटुंबावर प्रयोग करून भरून काढली आहे.

सर्वप्रथम, कोण ओरडलं याची नोंद घ्यावी. “काहून बंद हाये बे नेट?” ही हाक एकाच घरातून आली, तर दोष त्या घराच्या वायरीत. चारही घरांतून एकदम आली, तर दोष मुळाशी. कोणीच ओरडलं नाही, तर लाइन गेलेली आहे, झोपावं.

मग मुळापासून निघावं. आमच्याकडे मूळ म्हणजे मोठ्या बाबांची ओसरी. कवेलूच्या त्या मातीच्या घरात फायबर शिरतं. फायबरच्या पेटीवर लाल दिवा असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही, असं समजावं. फायबर कुठे तरी मुडपलंय किंवा वानरांनी त्यावर झोके घेतलेत. तक्रार नोंदवून चहा ठेवावा. लाल दिवा नसेल तर लॅपटॉप वायरनं थेट पेटीला जोडून पाहावा. तिथे नेट चाललं, तर कंपनीला शिव्या देणं तत्काळ थांबवावं. दोष घरचाच आहे. हे कबूल करणं हा या पद्धतीतला सर्वांत अवघड टप्पा असून आमच्याकडे तो अजून दर वेळी नव्यानं पार पाडावा लागतो.

हवामानाचा विचार करावा. राउटरवर बहुधा ० ते ४० अंशांपर्यंत चालेल असं छापलेलं असतं; ते छापणाऱ्यानं मे महिन्यातलं वर्धा पाहिलेलं नसतं. पारा ४५ च्या पुढे गेला की टिनाखालचं यंत्र दुपारी मान टाकतं. म्हणून कोणी ते कूलरसमोर ठेवतं. तिथे ते थंड होतं आणि कूलरच्या तुषारांनी गंजून पावसाळ्याआधी कायमचं थंड होतं.

भिंतींपुढे वाद घालू नये. जाड मातीच्या भिंतीत वायफाय जिरतं आणि टिनावरून माघारी फिरतं, म्हणून घराघरांत वायरच न्यावी. तांब्याच्या वायरीची मर्यादा १०० मीटर. ती हवाई अंतराची नाही, वायरीच्या लांबीची आहे. कडुनिंबाला घातलेले तीन वेढेही त्यात धरायचे. शिवाय दोन इमारतींमधली तांब्याची वायर म्हणजे मृगाच्या पहिल्या कडकडाटाला दिलेलं आमंत्रण. एका जूनमध्ये आमची तीन यंत्रं एकाच सायंकाळी गेली. इमारतींमध्ये फायबर टाकावं. काचेतून वीज वाहत नाही. हा सल्ला आम्हीही यंत्रं जळाल्यावरच मानला.

दुसरा राउटर जोडताना भाऊबंदकी ध्यानात ठेवावी. मधल्या काकांनी बाजारातून स्वतःचा राउटर आणला आणि तोही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवू लागला. एका आवारात दोन थोरले! दोघेही येईल त्या मोबाइलला पत्ते वाटू लागले आणि निम्मे मोबाइल भलत्याच दारात उभे राहिले. उपाय सोपा आहे. धाकट्या राउटरचा पत्ता बदलावा, त्याचा पत्ते वाटण्याचा अधिकार, म्हणजे डीएचसीपी, बंद करावा आणि वायर वॅनऐवजी लॅनच्या भोकात घालावी. राउटर हे मुकाट्यानं ऐकतो. काकांना सांगताना मात्र मी ‘अधिकार’ हा शब्द टाळला.

इथे थोडं विषयांतर. सेवाग्राम आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. आश्रमात कुट्या बऱ्याच, पण व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संपर्कासाठी बसवून दिलेला टेलिफोन एकच, दप्तरात. तिथेच साप पकडून दूर सोडण्यासाठी ठेवलेला पिंजराही पाहायला मिळतो. बिघाड शोधणाऱ्यानं तो पिंजरा जरूर पाहावा. आधी पकडायचं, काठी उचलायची नाही.

हे मला गेल्या दिवाळीच्या तोंडावर उपयोगी पडलं. घरांची साफसफाई चालू होती आणि चारही घरांचं नेट एकदम गेलं. पेटी ठीक, लाल दिवा नाही, थेट जोडला की लॅपटॉप चालतो. पण चारही घरांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे फडफडत होते. मधल्या काकांनी राउटर बदला म्हटलं, पुतण्यानं रिचार्ज संपल्याचं निदान केलं आणि मोठ्या बाबांनी वानरांवर ठपका ठेवला.

अशा वेळी स्विचमधून एकेका घराची वायर काढावी. एका वेळी एकच. पहिलं घर काढलं, फडफड तशीच. दुसरं काढलं, तशीच. तिसरं काढलं आणि दिवे शांत झाले. तिसरं घर धाकट्या काकूचं. तिच्याकडच्या छोट्या स्विचमध्ये एकाच वायरीची दोन्ही टोकं बसलेली होती. एका भोकातून निघालेला निरोप दुसऱ्या भोकातून परत येत होता, त्याच्या प्रती पुन्हा फिरत होत्या आणि त्या गर्दीत चारही घरं गुदमरली होती.

“वायर लोंबत होती, तं खोसून देल्ली म्या,” काकू म्हणाली. “मोकळं भोक होतं नं तिथं.”

तिचं म्हणणं बिनतोड होतं. दिवाळीच्या आवराआवरीत लोंबती वायर कोण ठेवील? म्हणून या मार्गदर्शनातली शेवटची कृती: मोकळी भोकं बुजवावीत. त्यासाठी प्लास्टिकची बुचं मिळतात, पण हा जिल्हा कापसाचा. काकूनंच देवासाठी वळलेल्या वातींपैकी तीन जाड वाती काढून दिल्या आणि मी त्या एकेका भोकात बसवल्या. त्या लावायच्या नाहीत, एवढं तिला दोनदा सांगितलं आहे.