संस्थेस निर्दोष समजण्याबाबत

प्रति,
मा. आयुक्त, महानगर पोलीस, लंडन

विषय: दलात वंशभेद असून तो संस्थात्मक नसल्याबाबत.

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, बॅरोनेस लुईस केसी यांचा अहवाल २१ मार्च २०२३ रोजी प्रसिद्ध झाला. दल संस्थात्मकरीत्या वंशभेदी, स्त्रीद्वेष्टे आणि समलिंगीद्वेष्टे आहे, हा त्याचा निष्कर्ष. आयुक्त सर मार्क रौली यांनी हे रोगनिदान मान्य केले, माफीही मागितली. ‘संस्थात्मक’ हे विशेषण मात्र संदिग्ध आणि राजकीय ठरवून नाकारले. वंशभेदी माणसे आहेत, व्यवस्थेत दोष आहेत, संस्था तेवढी सोवळी!

२२ एप्रिल १९९३ रोजी एल्थममधील बसथांब्याजवळ १८ वर्षांच्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा गोऱ्या टोळक्याने खून केला. तपासाचे मातेरे झाले. दोघांना शिक्षा व्हायला जानेवारी २०१२ उजाडला. त्या तपासाची चौकशी करणाऱ्या सर विल्यम मॅकफर्सन यांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये ७० शिफारशी केल्या आणि हेच विशेषण दलाला लावले. मॅकफर्सन यांची ही चौकशी चालू असताना लॉरेन्स कुटुंबाच्या निकटच्या गोटात पोलिसांचा छुपा माणूस वावरत होता. मुलगा गमावलेल्या आईबापांवरच पाळत!

या रोगावर ठरलेला उतारा म्हणजे गोरेतर लोकांची भरती. २०२१ च्या जनगणनेत लंडनकरांपैकी गोरे सुमारे ५४ टक्के, तर केसी अहवालानुसार दलातील अधिकाऱ्यांत ८२ टक्के. उरलेल्यांची दलात कशी सरबराई होते, तेही अहवालात नोंदलेले आहे. एका मुस्लिम अधिकाऱ्याच्या बुटांत डुकराचे मांस निघाले. एका शीख अधिकाऱ्याची दाढी कातरली गेली, दुसऱ्याची पगडी बुटांच्या खोक्यात घातली गेली. ही म्हणे थट्टा. कृष्णवर्णीय अधिकारी शिस्तभंगाच्या प्रकरणात अडकण्याची शक्यता गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा ८१ टक्के अधिक. पुढच्या दाराने प्रतिनिधित्व आत घ्यायचे आणि मागच्या दाराने चौकशी लावून बाहेर काढायचे, याला विविधता म्हणत नाहीत. ही लबाडी आहे.

२०१६ पासून महापौरपदी असलेल्या सादिक खान यांनी केसींचा निष्कर्ष विशेषणासकट स्वीकारला. परंतु आयुक्ताची नेमणूक गृहमंत्र्यांच्या शिफारशीवरून होते. नगरप्रमुखाचा चेहरा बदलला म्हणून पोलीस ठाणे बदलत नाही.

आयुक्तांची अडचणही खरी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये हाती आलेले दल आधीच विशेष देखरेखीखाली होते. लॉरेन्स प्रकरणाचे पाप त्यांचे नव्हे, रात्रपाळीत सुऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिपायाचेही नव्हे. त्या शिपायाला वंशभेदी म्हणवून घेणे जिव्हारी लागते, हे समजण्यासारखे आहे. पण त्याच्यावरचा आळ काढणारे विशेषण हेच होते. दोष बढतीच्या, बदलीच्या, तक्रार दडपण्याच्या रीतीत आहे, असे ते सांगते. ते नाकारले की दोष धरायला फक्त माणसेच उरतात, आणि पहिला सापडतो तो शिपाई.

तरी सदर विशेषण विनाविलंब स्वीकारावे आणि नव्या भरतीच्या जाहिरातीआधी, तक्रार केली म्हणून ज्यांच्यावरच चौकशी लागली, त्या अधिकाऱ्यांच्या फायली उघडाव्यात.

कळावे.